सोपं, पण कुणाला?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मोबाइलवर एक विशिष्ट प्रकारची पाककृती उगवायला लागते. "फक्त तीन जिन्नस! गॅस नको! दहा मिनिटांत मिठाई तयार!" तीन जिन्नस म्हणजे बिस्किटांचा चुरा, डब्यातलं गोड घट्ट दूध आणि सुकं खोबरं. मळा, वळा, वर एक बदाम टोचा. झाली घरगुती मिठाई!

तर मंडळी, या प्रकाराला माझा विरोध आहे आणि तो जरा जोरातच आहे.

लगेच "आले संस्कृतिरक्षक" म्हणू नका. परंपरा बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. बिस्किटाचा लाडू समोर आला तर मीही दोन खातो. माझं भांडण आहे ते "सोपं" या शब्दाशी.

आमच्या धंद्यात "छोटासा बदल आहे हो, दहा मिनिटांचं काम" असं जो म्हणतो, तो ते काम स्वतः करणारा कधीच नसतो. (क्लायंट वाचत असतील तर नमस्कार.) इथेही तेच. सोपं करायचं म्हणजे यादीतून काहीतरी कमी व्हायला हवं ना? आता आपल्या घरातली यादी आठवा. चकली, शेव, चिवडा, करंज्या, बेसनाचे लाडू, अनारसे. यातलं एकही रद्द होत नाही आणि खाली हे "दहा मिनिटांचं" सातवं कलम चिकटतं, कारण पोरांनी रील पाहिलेलं असतं. याला आमच्याकडे स्कोप क्रीप म्हणतात. आम्ही निदान त्यावर कँटीनमध्ये कुरकुर तरी करतो. आई तेही करत नाही.

ती यादी काय प्रकरण असतं हे एकदा बघा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. मग सावलीत सुकवून, थोडे दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मळायचं, पीठ काही दिवस मुरू द्यायचं. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर सगळं मुसळ केरात! बेसनाचे लाडू तर "सोप्या" गटात मोडतात म्हणे. किलोभर बेसन मंद आचेवर पाऊण-एक तास हलवून दाखवा, मग दुसऱ्या दिवशी की-बोर्डवर तो हात चालतो का ते सांगा.

हे करतं कोण? २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचे ९७. त्यातही मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६ आणि बायका ८१. ही झाली साध्या दिवसांची गोष्ट. दिवाळीचा आठवडा कसा असेल ते तुम्हीच मोजा.

आणि मग आमच्यासारखे, शिकलेले, चांगला पगार घेणारे बाप्ये फेसबुकवर "आईच्या हातच्या चवीची सर कशालाच नाही" असं लिहून ओले डोळे पुसतात. अरे बाबा, आईच्या हाताचं एवढं कौतुक आहे ना, मग त्या हाताला जरा बसू दे की!

माझी सोप्याची व्याख्या साधी आहे. ज्याने आयुष्यात कधी कढई धरली नाही त्यालाही जमेल आणि जे केल्यावर दुसऱ्या कुणाची तरी मेहनत वाचेल, ते सोपं. या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतं श्रीखंड.

श्रीखंडात बहुतेक काम वेळ करतो, माणूस नाही. (रात्री बिल्ड लावून झोपणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.) एक लिटर फुल क्रीम दुधाचं दही लावा, किंवा सरळ किलोभर चांगलं घट्ट दही विकत आणा. मलमलच्या फडक्यात बांधून आठ-दहा तास टांगा. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते आंबट होतं, म्हणून चाळणीत ठेवून, खाली पातेलं घेऊन, सगळं फ्रिजमध्ये सरकवा. सकाळी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. त्यात पिठीसाखर घालून तासभर ठेवा आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा गाळणीतून घोटून काढा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पातळ होतं. कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, चिमूटभर जायफळ. संपलं. प्रत्यक्ष तुमचे हात लागतात वीस-पंचवीस मिनिटं, आणि काही करपत नाही, फुटत नाही, पाक चुकत नाही, कारण पाकच नाही.

साखरेचा हिशेबही तुमच्या हातात राहतो. चक्क्यात पाणी सोडून उरणारा भाग ३० टक्के धरला तर चक्क्याइतकीच साखर घातल्यावर श्रीखंडाच्या कोरड्या भागात साखरच सुमारे ७७ टक्के होते. अन्नसुरक्षेच्या नियमांत विकाऊ श्रीखंडाला मर्यादा ७२.५ टक्क्यांची आहे. म्हणजे आपल्या आज्यांचं श्रीखंड विकायला ठेवलं असतं तर नापास! निम्मी साखर घाला, आकडा ६२ वर येतो आणि चव तर सुधारतेच. (हे माझं वैयक्तिक मत आहे, भांडायला या.) त्या डब्यातल्या दुधात मात्र चाळीस टक्क्यांच्या वर साखर आधीच घातलेली असते, ती तुम्ही काढून दाखवा.

आता काही जण म्हणतील, आम्हाला अंदाज नाही येत बुवा. कमलाबाई ओगल्यांचं "रुचिरा" आलं १९७० साली. त्यात मापं आहेत वाटी आणि चमच्याची, ज्यांना अंदाज येत नाही अशांना जमावं म्हणूनच. म्हणजे ही सबब पन्नास वर्षांपूर्वीच बाद झाली आहे. आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांनी शनिवारी सलग किती भाग पाहिले ते आधी सांगावं. रात्री दोनला दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधू शकणाऱ्या माणसाला फडक्याची गाठ मारता येत नाही, यावर माझा विश्वास बसणं कठीण आहे. श्रीखंड नको असेल तर शेवयांची खीर करा, शिरा करा. अगदीच हात वर केलेत तर शिक्रण आहेच, केळी कुस्करा आणि दूध ओता. आमच्या फ्लॅटवर तिघे राहतो, तिघांनाही हे जमतं, आणि आमच्यातल्या एकाला चहासुद्धा धड येत नाही :)

फक्त एक अट. तुम्ही जे कराल त्याच्या बदल्यात घरातल्या यादीतला एक पदार्थ कापायचा. आईला आधीच सांगायचं, "यंदा अनारसे नकोत, गोड मी करतोय." ती ऐकणार नाही. "राहू दे रे, तुला काय जमणार" म्हणेल. दोनदा, तिनदा सांगा. चौथ्यांदा फडकं मागा.

मी म्हणतो, सुरुवात भाऊबीजेपासून करा. बहिणीने राबून ताट वाढायचं, भावाने पाकीट टाकून ढेकर द्यायची, हे फार वर्षं चाललंय. आदल्या रात्री दही टांगा आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंडाचा डबा घेऊन तिच्याकडे जा. चक्क्याचं पाणी फेकू नका, तेही बाटलीत भरून न्या, पुऱ्यांची कणीक त्यात छान भिजते. आणि पुऱ्या लाटायला तिला उठवू नका. फुगल्या नाहीत तरी श्रीखंडाबरोबर चालतात.