पगारपत्रकातले दोनशे रुपये

गेल्या महिन्यात मुंबईहून बदली होऊन एक तरुण मराठी अधिकारी माझ्या कार्यालयात रुजू झाला. दिल्लीतले पहिले पगारपत्रक पाहून तो आनंदाने म्हणाला, "सर, इथे व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापत नाहीत!" महाराष्ट्रात हा कर पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २५०० रुपये कापला जातो. दिल्लीत तो नाही. त्याचा आनंद मला समजला. पण त्या दोनशे रुपयांशी माझे नाते निराळे आहे.

पगारपत्रकात वजा होणाऱ्या प्रत्येक रकमेला आपण सरसकट 'कपात' म्हणतो. हा शब्द फसवा आहे. भविष्य निर्वाह निधी ही आपलीच बचत असते. ती व्याजासह परत मिळते. आरोग्य योजनेची वा गटविम्याची वर्गणी ही संकटकाळासाठी अनेकांनी मिळून केलेली तरतूद असते. कर मात्र या दोहोंहून भिन्न आहे. भरलेल्या रुपयाच्या बदल्यात भरणाऱ्याला अमुक सेवा मिळेल, असे कोणतेही वचन त्यात नसते. मग तो का भरावा?

महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. १९७२ च्या दुष्काळाने लाखो हातांना खडी फोडायला लावली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने आपल्याकडून घालायची, अशी व्यवस्था होती. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाची हमी उचलावी, असा तो सरळ व्यवहार होता.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मराठवाड्यातील आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले. आई तिथे मातीच्या पाट्या वाहत असे. मस्टरवर अंगठा उमटवून आणलेल्या पैशांत घरची ज्वारी येई आणि माझ्या वह्याही. ते पैसे मुंबईतील कोणा कारकुनाच्या पगारातून आले असतील, हे मला पुष्कळ वर्षांनी, अर्थशास्त्र शिकताना कळले. त्याला आमचे गाव ठाऊक नव्हते. आम्हांला त्याचे नाव.

याचा अर्थ कर टीकेच्या पलीकडे आहे, असा नव्हे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला वार्षिक २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर ती बदललेली नाही. परिणामी महिन्याला तीस हजार मिळवणारा आणि तीन लाख मिळवणारा, दोघेही महाराष्ट्रात सारखेच २५०० रुपये भरतात. हा न्याय नव्हे. ही मर्यादा वाढवून कराचे टप्पे ऐपतीप्रमाणे ठरवले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच, "आमचे पैसे कुठे गेले?" हा करदात्याचा प्रश्न मला उद्धट वाटत नाही. त्याचे उत्तर देणे हे माझ्यासारख्याचे काम आहे, आणि ते आम्ही नेहमी नीट करतो, असे मी म्हणणार नाही. पगारपत्रकावर प्रत्येक रकमेसमोर ती बचत आहे, वर्गणी आहे की कर, आणि कोणत्या खात्यात जाते, एवढे जरी मराठीत वा ज्याच्या त्याच्या भाषेत छापले, तरी बराच राग निवळेल.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, की दोनशे रुपये वाचले तरी आयकर आहेच. वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार त्याचा वाटा सर्व राज्यांना जातो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या पगारातला रुपया बिहारमध्ये वा ओडिशात कोणाच्या तरी घरची ज्वारी होतो, आणि कदाचित कोणा मुलाच्या वह्याही.