सेवेकडून सल्ल्याकडे

सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एखादा तरुण डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी चार-सहा वर्षे साथींचे सर्वेक्षण आणि लसीकरण यांत घालवतो आणि मग एके दिवशी महानगरातील एखाद्या सल्लागार कंपनीत ‘नवोपक्रम सल्लागार’ म्हणून रुजू होतो. आप्तस्वकीय त्याचे अभिनंदन करतात. चळवळीतील मंडळी तो पैशाला भुलला असे म्हणून मोकळी होतात. दोन्ही प्रतिक्रिया वरवरच्या आहेत. व्यक्तीच्या नीतीची चिकित्सा केल्याने व्यवस्थेचा प्रश्न सुटत नाही.

मुळात आरोग्यक्षेत्रातील नवी कल्पना जन्मते कोठे? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीचे थैमान चालू असताना शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजण्याचा मार्ग अवलंबिला. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून चारच्याही खाली आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे दोन्ही शोध रुग्णाच्या उशाशी बसून लागले, तक्ते आणि चित्रफिती यांच्या साहाय्याने नव्हे.

या अनुभवाचे आज विक्रेय वस्तूत रूपांतर होत आहे. सार्वजनिक खर्चाने घडलेले ज्ञान खाजगी कंपनीकडे जाते आणि तेथून शासनच ते चढ्या भावाने परत विकत घेते. इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१५ नंतर स्थानिक संस्थांच्या सार्वजनिक आरोग्य अनुदानाला कात्री लागली. पुढे कोविडच्या साथीत चाचणी व संपर्कशोधाच्या कार्यक्रमासाठी दोन वर्षांकरिता ३७ अब्ज पौंडांची तरतूद करावी लागली. मार्च २०२१ मध्ये तेथील संसदेच्या लोकलेखा समितीने नमूद केले की, फेब्रुवारीतही या कामावर सुमारे अडीच हजार सल्लागार होते आणि त्यांचा दैनिक दर सरासरी ११०० पौंड होता. आधी शासनाचे हात तोडायचे आणि मग भाड्याचे हात आणायचे, असा हा व्यवहार आहे. सल्ल्यावरील खर्च वाढला की स्वतःचे तज्ज्ञ पोसण्याची गरज उरली नाही असे अर्थखात्याला वाटते. तज्ज्ञ गेले की सल्ल्याची गरज आणखी वाढते. हे दुष्टचक्र आहे.

आपल्याकडेही त्याची लक्षणे दिसतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील असंख्य तज्ज्ञ कंत्राटी आहेत. ज्याला पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची शाश्वती नाही त्याच्याकडून आयुष्यभराच्या निष्ठेची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. गडचिरोलीच्या प्रयोगातून पुढे आलेली नवजात शुश्रूषा आज ज्या आशा कार्यकर्त्या घरोघर पोचवितात, त्यांना तर कर्मचारी असा दर्जाही नाही. त्या ‘स्वयंसेविका’ आहेत आणि त्यांना मिळतो तो मोबदला. सल्लागाराला दररोजचा दर आहे, सेविकेला वेतन नाही. अर्थव्यवस्था कोणत्या श्रमाला किती मोल देते हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसावे?

उपायही अज्ञात नाही. तमिळनाडूने १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आणि त्याची स्वतंत्र सेवा जोपासली आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही प्रत्येक राज्यात अशा सेवावर्गाची शिफारस केली. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती नेमकी हीच: कायम पदे, बढतीची वाट, जिल्ह्याला प्रयोगासाठी स्वतःचा निधी आणि आशांना वेतन. तरुणाला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याचा अधिकार त्याला राहण्यासारखी जागा निर्माण करणाऱ्यांनाच असतो.