जोर मनगटात नाही, टाचेत आहे

भंडाऱ्यात बसून गॉल्फवर लिहायचं म्हणजे टपरीवर हसू होणारच. धानाच्या जिल्ह्यात हे कुठलं खूळ? हसा खुशाल. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने हाच खेळ खेळला, एवढं सांगून मी मुद्द्यावर येतो.

नवशिक्याला हमखास मिळणारा उपदेश असा: ‘पाय खिळवून ठेवा, जोर हातांतून काढा.’ त्यात थोडं तथ्य आहे. अंग डावी-उजवीकडे झुललं की चेंडूचा नेम चुकतो. पण झुलणं वेगळं आणि भार बदलणं वेगळं. पाय खिळले की कंबर अडते, कंबर अडली की खांदे अर्ध्यावर थांबतात, आणि राहिलेलं काम एकटे हात ओढू पाहतात. चेंडू जवळच पडतो, पाठ धरते ती वेगळीच.

खिळलेले पाय म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. रोवणीच्या दिवसांत बांधीत पोटरीभर चिखलात उभं राहून धुऱ्यावर फावडं मारून पाहा. दंड तेच, फावडंही तेच, पण घाव पोचट पडतो. तोच गडी कोरड्या धुऱ्यावर चढला की मागची टाच उचलतो, पुढचा पाय रोवतो आणि ढेकूळ सुटतं. जमिनीला रेटा दिला तरच जमीन उलट रेटा देते. चिखल तो गिळून टाकतो.

यावर कुणी म्हणेल, फावडं वरून खाली येतं, गॉल्फची काठी अंगाभोवती फिरते, मग तुलना कशी? फिरणं वेगळं, कबूल. मी उचलतोय तो क्रम: आधी पाय, मग कंबर, मग खांदे, हात शेवटी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने काठी मागे नेताना भार उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर घ्यावा. अंग ताठर असेल तर डावी टाच उचलू द्यावी, कंबर आपोआप जास्त वळते. काठी पुरती वर पोचण्याआधीच डावी टाच खाली यावी. तिथून चेंडूपर्यंत जेमतेम पाव सेकंद मिळतो. त्यात हाताला हुकूम सोडायला सवड कुठली?

अठरा मेजर स्पर्धा जिंकणारा जॅक निकलॉस डावी टाच उचलूनच मारायचा. बबा वॉटसनचे तर फटक्याच्या वेळी दोन्ही पाय सरकतात, आणि त्याने २०१२ व २०१४ची मास्टर्स जिंकली. महागडी काठी घेऊन पाय खिळवणाऱ्यांनी यांना काय म्हणावं?

पडताळा फुकटात होतो. अंगणात चुलीची राख पसरा, अनवाणी उभे राहा, बैल हाकायच्या तुतारीची काठी फिरवा आणि खाली पाहा. डाव्या टाचेचा ठसा खोल आणि उजव्या अंगठ्याचा पीळ पडलेला दिसला, तर पाय कामाला लागले. दोन्ही तळवे सपाट, जसेच्या तसे उमटले असतील, तर तुम्ही अजून बांधीतच उभे आहात.