घराची हमी आणि अनामत

घर घेणारा मध्यमवर्गीय आयुष्याची पुंजी पणाला लावतो. परंतु गिलाव्याआड काय दडले आहे, हे बांधणाराच जाणतो. अशा विषम व्यवहारात बाजार आपोआप न्याय करीत नाही. म्हणूनच २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ ने, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामातील दोष ३० दिवसांत विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली. तथापि प्रवर्तकाचेच दिवाळे निघाले, तर दाद कोणाकडे मागावयाची? विक्रीच्या रकमेचा अल्प हिस्सा ५ वर्षे प्राधिकरणाकडे अनामत ठेवणे सक्तीचे करावे. घरे महागतील, हा आक्षेप अपेक्षितच आहे. पण दुरुस्तीचा भुर्दंड तेव्हा ग्राहकाच्याच माथी येतो. चोख बांधणाऱ्यास अनामत परत मिळेलच. पैशाचे पाठबळ नसलेली हमी ही कागदावरची शाईच होय.