भाताची बेगमी करा, पेट्रोलची नको



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. आता गवत-भात कापायचं मशीन कुठेतरी कोपऱ्यात जाणार. बहुतेकांचं ते आहे तसंच जाईल, टाकीत अर्धं पेट्रोल आणि पात्याला चिकटलेला चिखल घेऊन. बाजूला कॅनमध्ये दोन-तीन लिटर उरलेलं पेट्रोलही राहील, "पुढच्या वर्षी कामाला येईल" म्हणून. त्याबद्दलच आज लिहितोय, कारण ह्या वर्षी मला ही सवय महागात पडली.

मागच्या नोव्हेंबरात मी हेच केलं होतं. ह्या ऑक्टोबरात भात पिकून उभं, वरून परतीचा पाऊस आणि माणूस मिळेना. आमच्या वडप्याच्या आजूबाजूला नजर जाईल तिकडे गोदामं, त्यामुळे कापणीला यायला कोण मोकळा आहे? सगळी मदार मशीनवर. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, मशीन फुर्रर्र करायचं आणि बंद. शेवटी प्लग साफ करून, कॅनमधलं मागच्या वर्षीचं मिक्स पेट्रोल ओतलं. सुरू झालं. मला वाटलं जिंकलो. पाऊण तास चाललं, आवाज बदलला आणि जाम झालं.

मिस्त्रीने खोलून दाखवलं. जेटमध्ये पिवळा चिकट राळेसारखा थर, आणि पिस्टनवर उभे ओरखडे. कॅनमधलं उरलेलं पेट्रोल त्याने काचेच्या बरणीत ओतलं. थोड्या वेळाने खाली वेगळा थर बसलेला स्पष्ट दिसला. बिल अडीच हजारांच्या वर गेलं, पण ते सोडा. चार दिवस भात पावसात आडवं पडलं, दाण्याला कोंब आले, त्याचं बिल कुणी काढायचं?

माझी चूक होती, ती मी मान्य करतो. पण ही चूक गावोगाव होते आणि तिच्यामागे आपली एक चांगली सवयच आहे. आपण साठवणारी माणसं. भात कणगीत, बियाणं वेगळं, पेंढा माळ्यावर, वाल-तूर डब्यात, पावसाळ्याआधी सुकी मासळी. पूर्वी रॉकेलही साठवायचो. रॉकेल आणि डिझेल बऱ्यापैकी दम धरतात, म्हणून आपण पेट्रोलही त्यांच्याच पंगतीला बसवलं. पेट्रोल त्या पंगतीतलं नाही. पेट्रोल भातासारखं नाही, दुधासारखं आहे. लागेल तेवढंच आणायचं आणि संपवायचं.

पेट्रोल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं

तीन गोष्टी होतात.

पहिली, पेट्रोल हे एकच द्रव्य नाही, अनेक द्रव्यांचं मिश्रण आहे. त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि थंड इंजिन पहिल्या ओढीत पेटतं ते त्याच हलक्या भागावर. तो गेला की उरतं ते जड, दोरी ओढायला लावणारं पेट्रोल.

दुसरी, हवा लागून पेट्रोल हळूहळू चिकट होतं. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. तिथे एवढासा थर बसला तरी पुरे.

तिसरी गोष्ट इथेनॉलची, ती नीट समजून घ्या. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची सुरुवात 2003 साली पाच टक्क्यांनी झाली. 2022 च्या जूनमध्ये दहा टक्के गाठले, 6 फेब्रुवारी 2023 ला बंगळुरूत वीस टक्केवालं पेट्रोल आणलं आणि 2025 मध्ये ते देशभर पंपांवर आलं. आधी हे उद्दिष्ट 2030 चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे दोनशे मिली इथेनॉल आहे असं धरून चला.

इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडं पाणी ते पोटात घेतं आणि वरून काही कळत नाही. पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्रीच्या गारठ्याने ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. मिस्त्री याला "पेट्रोल फुटलं" म्हणतात, दूध फुटतं तसं. वीस टक्केवालं पेट्रोल दहा टक्केवाल्यापेक्षा जास्त पाणी पोटात धरतं, हे खरं आहे. पण फुटलं की तळाचा थरही तेवढाच मोठा निघतो, आणि मशीन पेट्रोल ओढतं ते तळातूनच.

पाणी येतं कुठून? घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये फारसं येत नाही. येतं ते ओल्या नरसाळ्यातून, पावसात उघडलेल्या झाकणातून, धुऊन न वाळवलेल्या कॅनमधून. मशीनच्या टाकीचं वेगळं. तिच्या झाकणाला हवेसाठी भोक असतं. दिवसा पत्र्याखाली तापली की हवा बाहेर, पहाटे गार झाली की दमट हवा आत. थंडीत रोज, आणि पुढे पावसाळाभर हेच चालतं.

टू स्ट्रोकवाल्यांनी हे लक्षात ठेवा. आपण जे टू-टी ऑइल मिसळतो ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. तळाच्या थरात तेल जवळजवळ नसतं. इंजिनने तो थर ओढला म्हणजे पिस्टन कोरडा चालला. माझं मशीन असंच गेलं.

इथेनॉल आहे की नाही ते घरी बघता येतं. मापाच्या काचेच्या नळीत 100 मिली पेट्रोल घ्या, 10 मिली पाणी घाला, हलवून ठेवा. थोड्या वेळाने खालचा थर दहाचा तीसच्या आसपास गेलेला दिसेल. वाढलेलं सगळं इथेनॉल. हे उघड्यावर, विडी-चुलीपासून लांब करा.

मग इथेनॉलच्या विरोधात आहे का मी?

नाही. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्याला, मक्यावाल्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर आपल्या भातवाल्याच्या पोटात दुखायचं कारण नाही. तुकडा तांदूळही त्यात जातो. माझी तक्रार एवढीच की मोटारसायकल आणि गाड्यांबद्दल निदान बोललं तरी जातं, शेतातल्या लहान इंजिनाबद्दल कुणी बोलत नाही. गाडी रोज चालते, तिचं पेट्रोल आठ दिवसांत संपतं. आपलं मशीन वर्षातले पंधरा-वीस दिवस चालतं आणि बाकी दिवस झोपतं. खराब पेट्रोलचा सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो.

भरून ठेवायचं की कोरडं?

मोबाईलवर व्हिडिओ बघाल तर अर्धे लोक सांगतात, टाकी गळ्यापर्यंत भरा, त्यात टिकवायचं औषध घाला आणि ठेवा. तो सल्ला खोटा नाही, पण तो बर्फाच्या देशातला आहे. तिथे थंडी चार-पाच महिने, पेट्रोल गारठ्यात राहतं आणि ते औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये हात लावता येत नाही, मग चार महिने पाऊस. माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडे मशीन कोरडंच ठेवावं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाण्याच्या पंपाची टाकी पत्र्याची असते, रिकामी ठेवली तर आतून गंजते. खरं आहे. त्यासाठी टाकी रिकामी केल्यावर आत दोन चमचे इंजिन ऑइल टाकून फिरवा, सगळीकडे हात लागेल असं. वापरायच्या आधी थोड्या पेट्रोलने खळबळून काढा. ब्रश कटरची टाकी प्लास्टिकची असते, तिला हा प्रश्न नाही.

मी आता काय करतो ते लिहितो. सगळं उघड्यावर, इंजिन गार असताना सुरू करायचं.

1. टाकीतलं पेट्रोल काढायचं. बिनमिक्स, ताजं असेल तर मोटारसायकलमध्ये. मिक्स असेल तर बांधाचं गवत कापून संपवायचं. म्हणून शेवटच्या आठवड्यात मिक्स अर्धा-अर्धा लिटरच करायचं.

2. इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मग चोक लावून पुन्हा सुरू करायचं, उरलेलं तेही जळतं.

3. पंपाच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते, तिचा स्क्रू सोडून शेवटचे थेंब काढायचे. ब्रश कटरला रबरी फुगा असतो, टाकी रिकामी करून तो दाबत राहायचं, काही येत नाही तोपर्यंत.

4. प्लग काढून आत छोटा चमचाभर तेल. दोरी दोन-तीनदा हळू ओढायची, प्लग बसवायचा. मग दोरी जड लागेल तिथे थांबायचं, म्हणजे झडपा बंद राहतात.

5. फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवायचा. सिलिंडरच्या पट्ट्यांतला पेंढा, कोंडा काढायचा. तो तसाच राहिला तर पुढच्या वर्षी इंजिन तापणार.

6. मशीन जमिनीवर नाही, खुंटीला टांगायचं. वरून गोणपाट किंवा जुनं धोतर. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो.

अर्ध्या तासाचं काम आहे. पाण्याचा पंप आपण डिसेंबर ते मे वापरतो, त्याला हेच सगळं जूनमध्ये करायचं.

साठवावंच लागलं तर

आमच्याजवळ हायवे आहे, पंप आहे. तरी मी साठवत होतो, कारण हायवेच्या रुंदीकरणाच्या गर्दीत पुन्हा पुन्हा कोण जाणार. ते निव्वळ आळसाचं कारण होतं. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरचा, शहापूरच्या आतल्या भागातला शेतकरी मला म्हणेल, "दादा, आमचा पंप वीस किलोमीटरवर." त्याचं बरोबर आहे. त्याने साठवावं, पण पद्धतीने.

पेट्रोलियम कायदा 1934 सालचा आहे. विकायचं नसेल तर 30 लिटरपर्यंत पेट्रोल बिनपरवाना ठेवता येतं. ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवं, आणि धातूचं भांडं 25 लिटरपेक्षा मोठं नको. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरच्या वर नाही. प्लास्टिकच्या बाटलीचं त्यात नावच नाही. तीस लिटरची मुभा आहे म्हणून तीस ठेवू नका. पाच पुष्कळ झालं. कॅन जवळजवळ भरलेला, वाढायला थोडी जागा सोडून, झाकणाला वायसर, सावलीत, राहत्या घरापासून आणि पेंढ्यापासून लांब. वर तारीख लिहा. बंद कॅनमधलं सावलीत काही महिने चालतं, मशीनच्या टाकीतलं महिन्याच्या वर धरू नका. ऑइल मिसळायचं ते कामाच्या दिवशीच.

आणि दोन गोष्टी हात जोडून सांगतो.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. घरात पोरं आहेत. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी काढायला लावू नका. उलटीत पेट्रोल फुप्फुसात जातं, ते जास्त वाईट. तसंच तडक दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट राबाची. पुढे राब भाजायचे दिवस येतील. जुनं पेट्रोल वाया जायला नको म्हणून ते राबावर ओतून काडी लावणारे मी पाहिलेत. पेट्रोल पेटत नाही, पेट्रोलची वाफ पेटते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत तुमच्या पायापर्यंत आलेली असते आणि दिसत नाही. काडी ओढली की भडका राबावर नाही, तुमच्या अंगावर. फुटलेलं पेट्रोल मिस्त्रीला द्या, सुटे भाग धुवायला तो घेतो. ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका.

शेवटचं मागणं

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटीवर अर्ज करून आपल्याला अनुदानात मशीन मिळतं. मशीनबरोबर बिल, वॉरंटी कार्ड आणि इंग्रजी पुस्तक येतं. मराठीत एक पान येऊ द्या. ह्या इंजिनाला वीस टक्के इथेनॉल चालतं की नाही, त्याचं रबर त्याला टिकतं की नाही, तेलाचं प्रमाण 25 ला 1 की 50 ला 1, आणि हंगाम संपल्यावर काय करायचं, एवढं त्यावर असावं. हे टाकीवरच छापलं तर आणखी बरं. कृषी खात्याने शेतीशाळेत बियाणं प्रक्रिया शिकवली, ती आपण शिकलो. तसाच अर्धा तास मशीन ठेवायला द्या. दापोलीच्या विद्यापीठात शेती अवजारांची जाणकार मंडळी आहेत, त्यांनी आपल्या दमट हवेत कोरडं बरं की भरलेलं बरं याची तपासणी करून सांगावं. मी चुकत असेन तर सुधारेन.

सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही आज संध्याकाळी चूल पेटायच्या आधी, उजेड असताना, मशीन अंगणात काढा आणि टाकीचं झाकण उघडा. पेट्रोल दिसलं तर ते पुढच्या कापणीचं नुकसान आहे असं समजा.

कुणाकडे याहून चांगली पद्धत असेल तर खाली लिहा, मलाही कळू द्या.

जय जवान, जय किसान.