फेकलेला दगड आणि तुरुंगाचे दार



पावसाळा सरता सरता एका खेड्यातील मातेचे पत्र मजकडे भोपाळला आले. त्यांचे नाव व गाव मी येथे देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. गावच्या सणानिमित्त शेजारच्या धर्मग्रामाच्या संघाशी फुटबॉलचा सामना ठरला होता. अखेरच्या काही मिनिटांत पंचांनी दिलेल्या पेनल्टीवरून वाद झाला, प्रेक्षक मैदानात घुसले, खुर्च्या उडाल्या आणि कोणाच्या तरी हातून सुटलेला दगड पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाच्या डोळ्यावर बसला. त्या मुलाला तालुक्याच्या इस्पितळातून जिल्ह्याच्या इस्पितळात हलवावे लागले. पोलिसांनी नऊ मुले उचलली, त्यांत या बाईंचा एकोणीस वर्षांचा मुलगाही होता. दोन रात्री कोठडीत काढून तो जामिनावर घरी आला आहे. आता दंगलीचा खटला उभा राहील. "भाऊ," त्या लिहितात, "चेंडूच्या खेळापायी पोराला तुरुंग, हा कोणता न्याय?"

बाईंची अपेक्षा अशी असेल की, मी आईच्या अश्रूंकडे पाहून त्यांच्या बाजूने लिहावे. पण प्रथम त्या गोलरक्षकाच्या आईकडे पाहिले पाहिजे. तिनेही मुलगा सणाच्या दिवशी मिस्साला नेऊन, जेवू घालून, खेळायलाच पाठवला होता. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घालणाऱ्याला शिक्षा झाली तर आपण कोणी "शेतीच्या कामापायी तुरुंग" असे म्हणत नाही. मैदानाभोवती चुन्याची रेघ मारली म्हणून तिच्या आत देशाचा कायदा थांबत नाही. ज्या हाताने जाणूनबुजून दगड मारला आणि दुसऱ्याचा डोळा धोक्यात घातला, त्या हाताच्या धन्याला काही काळ तुरुंगात जावे लागले तर तो अन्याय आहे असे मला म्हणवत नाही. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे की, अपराधाच्या प्रमाणात शिक्षा करण्याचा अधिकार राज्यसत्तेस आहे, आणि शक्य तेथवर त्या शिक्षेने अपराध्याची सुधारणाही व्हावी.

या वाक्यात "प्रमाणात" हा शब्द आहे, आणि सारी अडचण तेथेच आहे.

फुटबॉलच्या दंगलींसाठी इंग्लंडचे नाव जगभर वाईट झाले होते. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर इंग्लिश प्रेक्षकांनी इटालियन प्रेक्षकांवर चाल केली, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. देशभर संताप उसळला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनच्या एका न्यायाधीशाने मैदानाबाहेरील दंगलीबद्दल एका तरुण प्रेक्षकाला जन्मठेप सुनावली. त्या खटल्यात कोणी मेले नव्हते. पुढल्या वर्षी अपील न्यायालयाने ती जन्मठेप रद्द करून तीन वर्षांवर आणली. आणि हेझेलला ज्यांच्यामुळे ३९ जीव गेले असे ठरले, त्या चौदा जणांना बेल्जियमच्या न्यायालयाने १९८९ साली किती शिक्षा दिली? तीन वर्षे, त्यांपैकी निम्मी तहकूब. संतापाच्या भरात मोजमाप कसे सुटते ते या दोन निकालांवरून दिसते.

पुढे इंग्लंडने निराळी वाट धरली. तेथील न्यायालय दंगलखोर प्रेक्षकाला तीन ते दहा वर्षे सामन्यांना येण्याचीच बंदी करते, आणि राष्ट्रीय संघ परदेशी खेळत असताना त्याला आपला पासपोर्ट पोलिसांत जमा करावा लागतो. ज्याला कैद झाली त्याची बंदी लांब, ज्याला नाही झाली त्याची आखूड. मला ही योजना आवडते. शनिवारी दुपारी सारा मोहल्ला मैदानाकडे चालला असता घरी बसून राहण्याची शिक्षा कशी असते, हे ज्याला खेळाचे वेड आहे त्यालाच कळेल. (आमच्या भोपाळात फुटबॉलपेक्षा हॉकीचे वेड मोठे. ऐशबागेतील सामना चुकला तर जेवण न जाणारे म्हातारे मी पाहिले आहेत.)

आता आपल्याकडे काय होते ते पाहू. भोपाळहून पश्चिमेला देवास हे पवारांच्या जुन्या संस्थानाचे शहर आहे, मराठी घरे तेथे आजही पुष्कळ. ९ मार्च २०२५ च्या रात्री भारताने दुबईत न्यूझीलंडला हरवून क्रिकेटचा चॅम्पियन्स करंडक जिंकला. देवासच्या सयाजी द्वाराजवळ तरुणांचा जमाव जमला, फटाके उडू लागले. पोलीस आवरावयास गेले तेव्हा त्यांच्याशी हुज्जत झाली, पोलिसांच्या गाडीमागे पोरे धावली. हे वर्तन निंद्यच होते. पण त्यानंतर पोलिसांनी काही तरुणांचे मुंडण करून त्यांची भर रस्त्यातून धिंड काढली. काहींवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावल्याच्या बातम्याही आल्या. तेथील आमदारांनी, त्याही सत्ताधारी पक्षाच्याच, पोलीस अधीक्षकांकडे जाऊन तक्रार केली आणि चौकशीचा आदेश निघाला.

मुंडण आणि धिंड ही शिक्षा भारताच्या कोणत्याही दंडसंहितेत नाही. कोणाही न्यायाधीशाला जी देता येत नाही ती शिक्षा शिपायाने रस्त्यावर दिली, आणि अनेकांनी टाळ्या वाजवल्या. राष्ट्रीय सुरक्षा कायदा तर १९८० चा. त्याखाली माणसाला खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते, आणि सल्लागार मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्कही त्याला नसतो. देशाला धोका असणाऱ्यांसाठी केलेला हा कायदा करंडकाच्या आनंदात बेभान झालेल्या पोरांसाठी काढणे म्हणजे उंदरासाठी तोफ ओढून आणणे होय. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम परूशांना विचारतो की, माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याआधी आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? त्याला उत्तर मिळाले नाही, टोमणा मात्र मिळाला. आजही असे विचारणाऱ्याला तोच मिळतो.

याहून दुःखद गोष्ट बऱ्हाणपूर जिल्ह्यातील मोहद गावची. खानदेशाला लागून असलेला हा मुलूख आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. १८ जून २०१७ रोजी त्याच करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरवले. मोहदच्या पंधरा मुसलमान पुरुषांना, पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केला म्हणून, राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ज्याच्या नावे फिर्याद होती त्या हिंदू शेजाऱ्यानेच उघडपणे सांगितले की, अशी फिर्याद मी केलेली नाही. काही दिवसांतच राजद्रोहाचे कलम वगळले गेले, पण दोन जमातींत वैर पसरविल्याचा खटला चालूच राहिला. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये बऱ्हाणपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. सहा वर्षे तारखांना जाण्यात गेली. एका आरोपीने २०१९ सालीच आपले जीवन संपवले होते. निकालाच्या दिवशी त्याचे नाव पुकारायला कोणी उरले नव्हते.

देवासची पोरे उद्धट होती, मोहदची माणसे निर्दोष ठरली; दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. तरी दोन्हीकडे न्यायालयाचा शब्द येण्याआधीच शिक्षा भोगून झाली. आपल्या देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांमागे सुमारे तीन असे आहेत की, ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. म्हणून "तुरुंगाची शिक्षा न्याय्य आहे काय?" हा प्रश्न आपल्याकडे अर्धाच असतो. ती दिली कोणी आणि केव्हा, हेही विचारावे लागते.

पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या मुलाविषयी कायदा काय म्हणतो, ते आता सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंगलीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, घातक हत्यार असल्यास पाच वर्षांपर्यंत. जमावाचा उद्देश एक होता असे सिद्ध झाले तर एकाने केलेल्या कृत्याला सारे जबाबदार धरले जातात. खेळाच्या मैदानावर या नियमाचा उपयोग फार जपून व्हावयास हवा. दरोड्याला निघालेल्या टोळीचा उद्देश घरून ठरलेला असतो. सामना पाहायला आलेल्या पाचशे माणसांचा उद्देश सामना पाहणे हाच असतो. पेनल्टीनंतर धावत सुटलेल्या पोरांपैकी कोण मारायला गेला, कोण सोडवायला आणि कोण केवळ पाय नेतील तिकडे गेला, हे प्रत्येकाबाबत वेगळे पाहिल्यावाचून न्याय होणार नाही.

आणखी एक कायदा आहे, तो वकीलसुद्धा कधी कधी विसरतात. १९५८ सालचा अपराधी परिवीक्षा कायदा. त्याच्या सहाव्या कलमानुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात दोषी ठरलेला तरुण एकवीस वर्षांच्या आतील असेल, तर न्यायालयाने त्याला शक्यतो कैद देऊ नये. दिलीच तर कारणे लिहून ठेवावी. त्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याला सोडता येते, आणि जखमी व्यक्तीस भरपाई देण्याचा हुकूमही त्याच कायद्याने करता येतो. नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे, पण ती दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणे अशा मोजक्या अपराधांपुरती. दंगलीला ती लागू नाही. ही उणीव आहे असे माझे मत आहे. ज्याने मैदान मोडले त्याच्याकडून वर्षभर ते मैदान झाडून, आखून घेतले तर गावाला त्याचा उपयोग तरी होईल.

दोन वर्षे हा आकडा लिहिताना भोपाळच्या माणसाचा हात थबकतो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्यांच्या घरांतील खोकला आजही थांबलेला नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांवरील आरोप सौम्य करून निष्काळजीपणापुरता ठेवला, आणि त्या अपराधाला तेव्हाच्या कायद्यात जास्तीत जास्त दोनच वर्षे होती. ७ जून २०१० रोजी, पंचवीस वर्षांनंतर, येथील न्यायालयाने सात माजी अधिकाऱ्यांना ती दोन वर्षे सुनावली. त्याच दिवशी ते जामिनावर बाहेर पडले. न्यायालयाबाहेर उभ्या असलेल्या विधवांना कोणत्या तोंडाने सांगावे की, फुटबॉलच्या दंगलीतील पोरालाही दोन वर्षेच होऊ शकतात?

यावरून पोराला मोकळे सोडा असे मी म्हणत नाही. मोठ्याला कमी झाली म्हणून लहानाची माफ व्हावी, हा हिशेब बाजारातला आहे. माझे म्हणणे इतकेच की, दगड फेकणारा हात दिसतो म्हणून त्याला पकडणे सोपे जाते. ज्यांनी फाटक लावून घेतले, जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली, वाट अरुंद ठेवली, त्यांचा हात दिसत नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मारामारी होऊन सोळा प्रेक्षक गेले. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरोच्या मैदानावर घडलेल्या चेंगराचेंगरीचे एकूण ९७ बळी गेले, आणि दोष बेशिस्त प्रेक्षकांचा, असे अनेक वर्षे सांगितले गेले. २०१६ साली ज्यूरीने प्रेक्षकांना दोषमुक्त ठरवले व पोलिसांच्या चुका दाखवल्या; तरी त्या दिवशीच्या प्रमुख पोलीस अधिकाऱ्यास २०१९ साली निर्दोष सोडण्यात आले. १३ डिसेंबर २०२५ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मेस्सीचे दर्शन न झाल्याने चिडलेल्या लोकांनी खुर्च्या मोडल्या, तेव्हा मात्र पोलिसांनी मुख्य आयोजकालाही अटक केली. अटक म्हणजे दोष शाबीत होणे नव्हे, पण वरच्या पायरीवरच्या माणसालाही प्रश्न विचारला गेला, एवढे खरे.

बाईंच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे. मैदानाच्या कडेला सकाळपासून दारू मिळत होती. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये दोरही बांधलेला नव्हता. सणाची वर्गणी गोळा करणाऱ्या समितीतील प्रौढ गृहस्थ त्या वेळी कोठे होते? नऊ पोरांच्या यादीत त्यांपैकी कोणाचे नाव नाही, आणि असावे असेही मी म्हणत नाही. पण त्यांनी साक्षीला तरी यावे.

बाई, आपल्या मुलाने दगड फेकला की नाही, हे आपण लिहिलेले नाही. त्याला एकटे बसवून विचारा. फेकला असेल तर त्याने वकिलाला ते खरेच सांगावे. फेकला नसेल आणि फेकणारा त्याने पाहिला असेल, तर मित्रासाठी न्यायालयात खोटे बोलू नये. त्या गोलरक्षकाच्या घरी त्याने परस्पर जाऊ नये. खटला उभा असता साक्षीदारावर दबाव आणला, असा त्याचा अर्थ होईल. दोन्ही धर्मग्रामांच्या फादरांना मध्ये घाला, वकिलास विचारा आणि औषधपाण्याच्या खर्चातील आपला वाटा त्यांच्या मार्फत पोहोचवा. वकिलाला १९५८ च्या कायद्यातील सहावे कलम दाखवा. मुलाच्या जन्मतारखेचा दाखला आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत आताच काढून ठेवा, कारण वयाचा प्रश्न निघाला की त्यांचा उपयोग होतो. कोठडीतील उरलेल्या मुलांना भेटायला गावातून कोणी गेले की नाही, तेही कळवा. बंदिवासातल्याला भेटणे हे आपल्या दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, आणि त्याला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

गोलरक्षकाच्या डोळ्यावरची पट्टी या महिन्याच्या अखेरीस काढणार, असे आपण लिहिले आहे. काढली म्हणजे मला दोन ओळी टाका.