शिवणयंत्राचीं अंगें

पुष्कळ घरांतून शिवणयंत्र असतें. त्यावर स्वच्छ आच्छादन असतें, आच्छादनावर फुलदाणी असते, आणि उसवलेले कपडे मात्र शिंप्याकडे जातात! कारण विचारावें तर “दोरा सारखा तुटतो” किंवा “खालीं गुंता होतो” एवढेंच उत्तर मिळतें. ‘शिवणें’ हें क्रियापद संस्कृत ‘सिव्’ धातूपासून आलें. ‘सूत्र’ शब्दही वैयाकरण त्याच धातूपासून साधितात. तेव्हां हा विषय पंतोजीच्या कक्षेबाहेरचा आहे, असें वाचकभगिनींनीं समजूं नये.

प्रथम सुई. हातशिवणीच्या सुईचें नेढें मागें असतें. यंत्राच्या सुईचें टोंकाशीं. ही क्षुद्र वाटणारी गोष्टच सर्व यंत्राचें रहस्य होय. अमेरिकेंतील इलियास हौ यांस इ. स. १८४६ मध्यें जें पेटंट मिळालें, त्यांत अशी सुई व खालचा धोटा यांची जोडी होती. सुई तळाशीं जाऊन किंचित् वर येऊं लागली कीं तिच्या मागें दोऱ्याचा लहानसा फांस उरतो. धोट्याची चोंच नेमकी त्याच क्षणीं फांसांत शिरते व त्याला बॉबिनच्या डबीभोंवतीं फिरवून आणते. त्यायोगें वरचा दोरा खालच्यास वेढा घालतो, आणि वर-खालीं हलणारी दांडी तो वेढा आवळून घेते. गांठ कापडाच्या पोटांत बसली, म्हणजे टीप साधली.

सुईच्या मानेची एक बाजू चपटी असते, व तिच्या समोरच्या अंगास लांब खांच असते. दोरा खांचेच्या बाजूनेंच ओंवावा. आमच्या शेजारीं एका भगिनीचा संसार शिवणावर चालतो. ऐन दिवाळीच्या तोंडीं तिचें यंत्र टांके सोडूं लागलें. कारागिरानें डबीचा स्क्रू पिळला, मजुरी घेतली, आणि दोष तसाच राहिला. चार दिवसांचें काम परत गेलें. अखेर पाहतां सुई उलटी बसलेली! उलट्या सुईचा फांस चोंचीस सांपडत नाहीं. त्यांत बिचाऱ्या डबीचा काय अपराध?

दुसरें अंग दाबपाय. तो उचलला कीं वरच्या ताणाच्या चकत्या सैल होतात. म्हणून दोरा चकत्यांमधून घालतांना पाय वर असावा, आणि शिवतांना खालीं. तो टेकविण्याचें विसरलें, तर कापडाखालीं दोऱ्याचें जाळें होतें. जाळें खालीं दिसतें, म्हणून सर्वजण बॉबिनला दोष देतात. दोष बहुधा वरचा असतो. संशय फेडण्यास वर तांबडा व खालीं पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारावी. तांबडा खालीं लोंबला तर वरचा ताण सैल. पांढरा वर डोकावला तर वरचा ताण अधिक.

पायाखालचे दांते कापड स्वतःच सरकवितात. त्यास हातानें ओढूं नये; सुई वांकून खालच्या पट्टीवर आपटते व मोडते. थांबतांना दोऱ्याची दांडी सर्वांत वर ठेवावी, नाहीं तर पुन्हां आरंभ करतांच दोरा नेढ्यांतून निसटतो. यंत्र पायानें चालणारें असो वा विजेचें, हे नियम तेच.

तेल देण्याविषयीं व डबीच्या त्या बारीक स्क्रूविषयीं पुढील अंकीं. तोंवर त्या स्क्रूस कोणीं हात लावूं नये.